फिरत्या ब्रॅकेटवर टी. व्ही. : आधी भिंत ओळखा

चतुर्थी, ईद आणि मे महिन्याची सुट्टी हे आमच्या सिंधुदुर्गात टी. व्ही. खरेदीचे दिवस. मुंबईचे चाकरमानी गावी येतात, आखातातले भाऊ रजेवर येतात आणि घरात ४३ किंवा ५५ इंची नवा संच येतो. पूर्वीचा पिक्चर ट्यूबचा संच जड असे. तो शोकेसमध्ये किंवा टेबलावर बसे आणि त्याचे वजन जमिनीवर जाई. आताचा संच पातळ आणि हलका, म्हणून तो भिंतीवर चढला. त्यातही आता मागणी आहे ती फिरत्या ब्रॅकेटची. दुकानदार त्याला ‘फुल मोशन’ म्हणतात. लोखंडी हात भिंतीपासून बाहेर येतो, डावीकडे-उजवीकडे वळतो, संच वर-खाली झुकतो.

आम्ही कापडाचे व्यापारी. लोखंड हा आमचा माल नव्हे. परंतु गवंडी, सुतार, वेल्डर आणि वायरमन यांच्याशी आमची रोजची ऊठबस आहे आणि दुकानातही असे ब्रॅकेट आम्ही वापरतो. त्यावरून एक गोष्ट वाचक बंधूंना सांगावीशी वाटते. ब्रॅकेटच्या खोक्यावर छापलेली मजबुती ही लोखंडाची असते. तुमच्या भिंतीची मजबुती त्या खोक्यावर छापलेली नसते. आणि आमच्या किनाऱ्यावरच्या बहुतेक भिंती चिऱ्याच्या आहेत.

गरज आहे काय?

बैठक संचाच्या अगदी समोर असेल तर फिरत्या ब्रॅकेटची गरज नाही. भिंतीला चिकटून बसणारा साधा ब्रॅकेट स्वस्त पडतो आणि भिंतीवर ताणही कमी देतो. फिरता ब्रॅकेट तेव्हाच घ्यावा जेव्हा एकच संच दोन ठिकाणांहून पाहायचा असेल, उदाहरणार्थ बैठकीतून आणि जेवणाच्या जागेवरून. किंवा खिडकीचा उजेड पडद्यावर पडत असेल. किंवा संच कोपऱ्यात बसवायचा असेल. केवळ शोभेसाठी घेऊ नये.

वजनाचा हिशेब

समजा संच आणि त्यामागची पट्टी मिळून १२ किलो आहे. भिंतीवरच्या पत्र्यात वरच्या आणि खालच्या बोल्टमध्ये २० सेंटिमीटर अंतर आहे. साध्या ब्रॅकेटवर संच भिंतीपासून ५ सेंटिमीटरवर राहतो. १२ ला ५ ने गुणा आणि २० ने भागा. वरच्या बोल्टवर बाहेरची ओढ सुमारे ३ किलो. तोच संच फिरत्या हातावर ५० सेंटिमीटर बाहेर काढला की त्याच हिशेबाने ओढ ३० किलो होते. वजन तेच, ताण दहापट.

आता घरातील लहान मूल विचारात घ्या. २० किलोचे मूल बाहेर काढलेल्या संचाला लोंबकळले, तर १२ आणि २० मिळून ३२ किलो झाले आणि वरच्या बोल्टवर ८० किलोची ओढ आली. हा हिशेब ढोबळ आहे, पण धोका कुठे आहे ते त्यातून कळते. संच पडला तर नुकसान फक्त पैशाचे होईल असे नाही. खाली बसलेल्या पोराच्या डोक्यावर तो पडू शकतो. म्हणून या कामात चालढकल नको.

आपली भिंत कोणती?

चिरा म्हणजे जांभा दगड. फ्रान्सिस बुकानन यांनी केरळमधील अंगाडीपुरमजवळ पाहिलेल्या या दगडाला १८०७ साली इंग्रजीत लॅटराइट हे नाव दिले. खाणीतून निघताना तो मऊ असतो, करवतीने कापता येतो आणि वारा लागला की कडक होतो. घर बांधायला उत्तम. पण अंगाने सच्छिद्र, कुठे घट्ट तर कुठे पोकळ आणि मातीने भरलेला. भारतीय मानकानुसार बांधकामाच्या चिऱ्याने दर चौरस सेंटिमीटरला किमान ३५ किलो दाब सोसला पाहिजे. साध्या एम-२० काँक्रीटसाठी हाच आकडा सुमारे २०० किलो आहे. हा झाला दाबाचा हिशेब. बाहेर ओढण्याच्या ताणापुढे दोन्ही याहून कितीतरी कमजोर असतात आणि चिरा तर अधिकच.

भिंत ओळखण्याचा सोपा उपाय असा. संचाच्या मागे झाकली जाईल अशा जागी ६ मिलिमीटरचे एक भोक पाडा आणि गिलाव्यानंतर येणारी भुकटी पाहा. तांबूस-तपकिरी, हाताला मातीसारखी लागणारी भुकटी असेल तर चिरा. नारिंगी आणि कोरडी असेल तर वीट. करडी असून ड्रिल कष्टाने आत जात असेल तर काँक्रीटचा कॉलम किंवा बीम. करडी आहे पण ड्रिल मध्येच एकदम आत घुसले तर पोकळ सिमेंट ब्लॉक. पांढुरकी, पिठासारखी असून ड्रिल लोण्यात जावे तसे गेले तर हलका ब्लॉक.

कॉलम योग्य जागी मिळाला तर तो सर्वांत चांगला. तिथे अँकर फास्टनर चालतो. मातीच्या गाऱ्यात बांधलेल्या जुन्या घराच्या भिंतीवर फिरता ब्रॅकेट बसवूच नये. तिथे जमिनीवर उभा राहणारा स्टँड घ्यावा आणि संच पट्ट्याने मागे बांधावा.

चिऱ्यात पकड कशी मिळवावी

खोक्यात येणारी प्लास्टिकची गिट्टी चिऱ्यासाठी पुरेशी नाही. अँकर फास्टनरचेही तसेच. तो भोकात फुगून पकड घेतो; मऊ दगड फुगण्याच्या जोराने आतून चुरतो, पहिल्या दिवशी घट्ट वाटतो आणि काही महिन्यांनी सैल होतो. चिऱ्यासाठी तीन मार्ग आहेत.

पहिला मार्ग आरपार बोल्टचा. भिंतीच्या एका बाजूपासून दुसऱ्या बाजूपर्यंत १० मिलिमीटरची आट्यांची सळई घालावी. मागच्या बाजूला ५० मिलिमीटर रुंद आणि ६ मिलिमीटर जाड पट्टी, वॉशर आणि दोन-दोन नट लावावेत. मग ओढ एका भोकावर न राहता पट्टीमार्गे भिंतीच्या मोठ्या भागावर पसरते. दुसरी बाजू घराबाहेर असेल तर भोक बाहेरच्या बाजूला किंचित उतरते ठेवावे, म्हणजे पावसाचे पाणी आत येणार नाही. आणि तोंड सिलिकॉनने बंद करावे. आमच्या मते चिऱ्याच्या भिंतीसाठी हाच सर्वांत भरवशाचा मार्ग.

दुसरा मार्ग केमिकल अँकरचा. भोकातली भुकटी ब्रश आणि हवेने पूर्ण साफ करावी, सच्छिद्र दगडासाठी मिळणारी जाळीची नळी आत घालावी, तिच्यात रसायन भरून सळई बसवावी आणि नळकांड्यावर लिहिलेला वेळ संपेपर्यंत हात लावू नये. भिंत ओली असेल तर हे काम पावसाळ्यानंतर करावे.

तिसरा मार्ग वजन पसरवण्याचा. ब्रॅकेटच्या पत्र्याहून बराच मोठा, १८ मिलिमीटर जाडीचा मरीन प्लायचा तुकडा घ्यावा. तो आठ-दहा ठिकाणी, वेगवेगळ्या चिऱ्यांत पकडावा. वरच्या ओळीतले निदान दोन बोल्ट आरपार घ्यावेत. ब्रॅकेट त्या फळीवर मागून नट लावून कसावा. सुताराने कड नीट घासून रंग दिला तर फळी शोभूनही दिसते.

कोणताही मार्ग घ्या, चिऱ्यात भोक पाडताना ड्रिलचा हातोडा बंद ठेवावा. ठोक्याने भोक मोठे होते. दोन चिऱ्यांच्या सांध्यात भोक घेऊ नये. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली वायर असण्याचा संभव असतो. वायरमनला विचारून मगच ड्रिल लावावे.

ब्रॅकेट निवडताना

संचाच्या मागे चार भोके असतात. त्यांचे आडवे आणि उभे अंतर मिलिमीटरमध्ये मोजावे : २०० × २००, ४०० × ४०० इत्यादी. हे माप व्हेसा नावाने ओळखले जाते आणि खोक्यावर लिहिलेले असते. संचाचे वजन टेबलाचे पाय वगळून पाहावे आणि ब्रॅकेट निदान दुप्पट वजनाचा घ्यावा. ५५ इंची संचाला एका हाताऐवजी दोन समांतर हातांचा ब्रॅकेट बरा. आणि भिंतीवरचा पत्रा जितका उंच, तितकी वरच्या बोल्टवरची ओढ कमी.

हाताची लांबीही मोजून घ्यावी. संच पूर्ण काटकोनात वळवायचा तर हात संचाच्या निम्म्या रुंदीएवढा बाहेर यायला हवा. ४३ इंची संच सुमारे ९५ सेंटिमीटर रुंद असतो, म्हणजे हात ४८ सेंटिमीटर हवा. निम्माच वळवायचा असेल तर ३५ सेंटिमीटर पुरतात. गरजेपेक्षा लांब हात म्हणजे फुकटचा ताण.

बसवताना

उंची ठरवताना घरातली माणसे कुठे बसतात ते पाहावे. पडद्याचा मध्य बसलेल्या माणसाच्या डोळ्यांसमोर यावा. खुर्चीवर बसणाऱ्यांसाठी तो जमिनीपासून साधारण ४२ इंचांवर येतो, सतरंजीवर बसणाऱ्यांसाठी ३० इंचांच्या आसपास.

पत्रा पाणसळीने आणि ओळंब्याने तपासून कसावा. संच टांगण्याआधी परीक्षा घ्यावी. खाली गादी टाकावी, हात पूर्ण बाहेर काढावा आणि संचाच्या दुप्पट वजनाची तांदळाची पिशवी तासभर टांगावी. मात्र ब्रॅकेटवर लिहिलेली मर्यादा ओलांडू नये. पत्र्याच्या कडेने पेन्सिलची रेघ मारून ठेवावी. तासाने पत्रा रेघेवरून सरकला किंवा वरच्या बाजूला पोस्टकार्ड आत जाईल एवढी फट पडली, तर काम पुन्हा करावे.

संचाच्या मागचे स्क्रू भोकात जातील तेवढ्याच लांबीचे हवेत. लांब स्क्रू जोराने कसला तर आतला भाग फुटतो. वायरींना एवढी ढील ठेवावी की हात पूर्ण बाहेर आला तरी त्या ताणल्या जाऊ नयेत. टांगताना दोन माणसे हवीतच.

खारी हवा आणि पाऊस

मालवण, देवगड, वेंगुर्ल्याच्या हवेत मीठ आहे. साध्या पांढऱ्या मुलाम्याचा बोल्ट इथे लवकर गंजतो. नट, बोल्ट आणि वॉशर स्टेनलेस स्टीलचे घ्यावेत. ३०४ क्रमांकाचे घरात चालते, भिंतीबाहेरच्या बाजूला ३१६ चांगले. पश्चिमेची भिंत पावसाचा मारा खाते आणि चिरा पाणी पितो. शक्यतो आतली कोरडी भिंत निवडावी. वर्षातून दोनदा, मिरगाआधी आणि पावसाळा संपल्यावर, नट तपासावेत, सांध्यांना थेंबभर तेल द्यावे आणि पेन्सिलची रेघ पाहावी. वळवाच्या विजा सुरू झाल्या की प्लग आणि डिशची वायर दोन्ही काढून ठेवावीत. संच वापरात नसताना हात दुमडून भिंतीला लावावा. ताण कमी राहतो आणि मुलांच्या हातीही लागत नाही.

कारागीर बंधूंसाठी दोन शब्द

हे काम एका माणसाचे नाही. आरपार बोल्टची पट्टी वेल्डर करील, फळी सुतार करील, भोक आणि गिलावा गवंडी पाहील, वायर वायरमन ओढील. चौघांनी मिळून काम घेतले तर तालुक्याच्या गावात हा बारा महिन्यांचा धंदा आहे. दर आधी सांगावा. बिलावर भिंतीचा प्रकार, बोल्टची संख्या, माप आणि परीक्षेचे वजन लिहून द्यावे. असे बिल गिऱ्हाईक जपून ठेवते आणि शेजाऱ्याला दाखवते. भिंत योग्य नसेल तर तोंडावर नाही म्हणावे. एका दिवसाची मजुरी जाईल, पण नाव राहील.

आणि गिऱ्हाईक बंधूंनी संचावर हजारो रुपये खर्च केल्यावर बोल्टच्या शंभर-दोनशे रुपयांसाठी घासाघीस करू नये. कापड कितीही भारी असले तरी शिवण कच्ची असेल तर कपडा टिकत नाही, हे आम्ही रोज पाहतो.