उद्याचे औषध, केळदच्या वाटेने

भविष्यातील वैद्यकीय तंत्रज्ञान कल्पिताना विज्ञानकथाकाराला दोन गोष्टी सांभाळाव्या लागतात. एक म्हणजे शरीराचे नियम, जे शंभर वर्षांनीही तेच असणार. दुसरी म्हणजे उपचार रोग्यापर्यंत पोहोचण्याची वाट, जी गावागणिक वेगळी असते. पहिलीकडे बहुतेक लेखक लक्ष देतात. दुसरी राहून जाते, आणि कथा बहुधा तिथेच कच्ची पडते.

जुन्या कथांतले अंदाज तपासले की हे दिसते. ऑल्डस हक्सलीने १९३२ साली 'ब्रेव्ह न्यू वर्ल्ड' या कादंबरीत बाटल्यांत वाढवलेली माणसे दाखवली. शरीराबाहेर फलन झालेले पहिले मूल १९७८ मध्ये इंग्लंडमध्ये जन्मले, त्याच वर्षी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांना यश आले, आणि १९८६ मध्ये मुंबईच्या केईएम रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा यांच्या प्रयत्नांतून असे बाळ जन्माला आले. फलनाबाबत हक्सलीचा तर्क खरा ठरला. पण ते तंत्र हुकूमशाही कारखान्यात गेले नाही, मूल होत नाही म्हणून दवाखान्याच्या पायऱ्या झिजवणाऱ्या जोडप्यांकडे गेले. यंत्राचा अंदाज बांधणे त्या मानाने सोपे असते. ते कोणाच्या हाती पडेल, हे ओळखणे अवघड.

शरीराचे नियम कसे पाळावेत, यासाठी मराठी लेखकाला दूर जावे लागत नाही. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत टोपणनावाने कथा पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. त्यांच्या 'उजव्या सोंडेचा गणपती' या कथेत माणसाचे शरीर आरशातल्या प्रतिमेसारखे डावे-उजवे उलटते. या एका कल्पनेवर वैद्यकाच्या अंगाने विचार केला, तर केवढे प्रश्न उभे राहतात! अन्नातल्या साखरेच्या आणि प्रथिनांच्या रेणूंनाही डावे-उजवेपण असते. उलटलेल्या माणसाला भाकरी चावता येईल, गिळता येईल. पण तिच्यातली साखर त्याच्या पेशींना वापरता येणार नाही. भरल्या ताटावर तो उपाशी राहील. अशक्य गोष्ट एकदाच गृहीत धरायची आणि पुढचे सगळे विज्ञानाच्या शिस्तीत चालवायचे, ही रीत वैद्यकीय कथेला फार मानवते.

वाटेचा प्रश्न समजून घ्यायला पुणे जिल्ह्यातले भोर आणि वेल्हे हे तालुके चांगले. वेल्ह्याचे नाव आता राजगड तालुका. राजगड आणि तोरणा हे किल्ले इथलेच. तोरण्याची उंची १४०३ मीटर. नीरा, वेळवंडी, गुंजवणी, कानंद या नद्यांची खोरी आणि भाटघर, नीरा देवघर, पानशेत या धरणांचे फुगवटे यांमुळे समोर दिसणारे गाव रस्त्याने दूर पडते. भोरला उपजिल्हा रुग्णालय आहे, वेल्ह्याला ग्रामीण रुग्णालय. त्यापलीकडचे उपचार हवे असतील तर चेलाडी फाट्यावर येऊन पुणे गाठायचे.

समजा, कथा २०५० सालची आहे. आषाढात मढे घाटाजवळच्या केळद गावात भातलावणी चालू आहे आणि खाचराच्या बांधावर एका बाईला घोणस चावते. लेखकाने आधी आजचा उपचार जाणून घ्यायला हवा. रक्तात विष भिनले आहे का, हे पाहण्याची चाचणी अगदी साधी असते. दोन मिलिलिटर रक्त स्वच्छ, कोरड्या काचेच्या नळीत घेतात आणि नळी वीस मिनिटे न हलवता ठेवतात. मग ती तिरकी करतात. रक्त गोठलेले नसेल, पाण्यासारखे ओघळले, तर घोणस किंवा फुरशाच्या विषाचा संशय पक्का होतो. नळी प्लास्टिकची चालत नाही, साबणाने धुतलेलीही चालत नाही, निकाल चुकतो. विषावरचे औषध बहुधा कुपीत पांढऱ्या भुकटीच्या रूपात येते. त्यात निर्जंतुक पाणी घालून कुपी तळहातांत हळूहळू फिरवावी लागते. घाईने हलवली की फेस होतो. पहिल्याच मात्रेला आठ-दहा कुप्या लागतात. एकीकडे रोगी तळमळतो आहे आणि परिचारिका एकामागून एक कुपी शांतपणे फिरवते आहे, हे दृश्य कोणत्याही काल्पनिक यंत्रापेक्षा वाचकाला घट्ट धरून ठेवील.

हे औषध अजूनही घोड्यांच्या रक्तापासून बनते. घोड्याला विषाच्या थोड्या थोड्या मात्रा टोचतात आणि त्याच्या रक्तात तयार झालेली प्रतिद्रव्ये वेगळी काढतात. पद्धत एकोणिसाव्या शतकाच्या अखेरची. भारतात त्यासाठीचे विष मुख्यतः तमिळनाडूतील इरुळा समाजाच्या सहकारी संस्थेकडून येते. पण एकाच जातीच्या सापाचे विष प्रदेशानुसार बदलते, त्यामुळे तिकडच्या विषावर बेतलेले औषध सह्याद्रीतल्या सापाला तितकेच लागू पडेल असे नाही. कथाकाराला खरी फट सापडते ती इथे. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेतील संशोधकांनी परदेशी सहकाऱ्यांसह २०२४ मध्ये प्रयोगशाळेत घडवलेले मानवी प्रतिद्रव्य जाहीर केले. ते नाग आणि मण्यार यांच्या विषातील मज्जासंस्थेवर घाला घालणाऱ्या काही घटकांना निकामी करते. घोणशीचे विष मात्र रक्त आणि मूत्रपिंड बिघडवते; तिथे त्याचा उपयोग नाही. म्हणून २०५० च्या कथेतले 'सगळ्या सापांवरचे एकच इंजेक्शन' अनेक प्रतिद्रव्यांचे मिश्रण असायला हवे.

ते केळदला पोहोचणार कसे? ड्रोन हे सहज सुचणारे उत्तर आहे. मणिपूरमध्ये ऑक्टोबर २०२१ मध्ये लोकटक सरोवरातल्या बेटावर ड्रोनने लस पोहोचवली गेली. पण साप चावण्याचे प्रमाण वाढते पावसाळ्यात, आणि आषाढातल्या धुक्यात, भन्नाट वाऱ्यात आणि मुसळधार पावसात छोटा ड्रोन डोंगर ओलांडू शकत नाही. गरज सर्वाधिक असते तेव्हाच साधन जमिनीवर. या अडचणीतून कथेला गती मिळते: मग औषध गावातल्या आशा सेविकेच्या घरीच ठेवायचे का? वीज चार दिवस गेली तर ते टिकेल का? त्याची मुदत संपली हे कोण पाहणार?

उपाय नेहमी नव्या साधनातच असतो असेही नाही. भोरहून वरंधा घाट उतरला की महाड तालुक्यातले बिरवाडी लागते. तिथल्या प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉ. हिंमतराव बावस्कर १९७६ मध्ये रुजू झाले. कोकणातल्या लाल विंचवाच्या दंशाने तेव्हा माणसे, विशेषतः मुले, दगावत. विषाने रक्तवाहिन्या आवळल्या जातात, हृदयावर ताण येतो, फुफ्फुसांत पाणी भरते. बावस्करांनी रोग्यांच्या खाटेशी बसून हा क्रम टिपला आणि रक्तदाबासाठी वापरली जाणारी प्राझोसिनची गोळी देऊन पाहिली. ती रक्तवाहिन्या सैल करते. 'लॅन्सेट'मध्ये १९८६ साली त्यावरचा लेख आला. आधी सुमारे ४० टक्के असलेले मृत्यूचे प्रमाण १ टक्क्यावर आले. नवे यंत्र नव्हते, नवा रेणूही नव्हता. भविष्यातला उपचार आज दुकानात मिळणाऱ्या गोळीतही दडलेला असू शकतो, ही शक्यता कथाकारांनी फार कमी वापरली आहे.

किंमत हाही कथेचा भाग असतो. आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या प्रयत्नांतून आलेल्या कार-टी पेशी उपचाराला २०२३ मध्ये मान्यता मिळाली. रोग्याच्याच संरक्षक पेशी काढून, कर्करोग ओळखण्यासाठी बदलून परत शरीरात सोडायच्या, अशी ही पद्धत. परदेशाच्या मानाने खर्च बराच कमी, तरी लाखांत जाणारा. वेल्ह्यातल्या रोग्यासाठी त्यात शहरातला मुक्काम आणि सोबत राहणाऱ्याची बुडालेली शेतकामेही मिळवावी लागतील.

शेवटचा मुद्दा भाषेचा. मराठी खेड्यांत साप चावला असे सरळ म्हणणे टाळतात; 'पान लागलं' किंवा 'जनावर चावलं' म्हणतात. २०५० मध्ये मोबाइलवर तक्रार ऐकून सल्ला देणारे यंत्र केळदमध्ये असेलही. पण त्याला फक्त 'सर्पदंश' हा शब्द शिकवलेला असेल, तर बांधावरून कोणीतरी ओरडून सांगेल, "आईला पान लागलंय, लवकर या!" आणि यंत्र विचारील, कसले पान?