चिखलात दोन चाकांची ओढ बरी, की चारही चाकांची?



पाऊस लागला की काळ्या रानातल्या पाणंदी बंद होतात. पण दूध डेअरीला घालावेच लागते, भाजी बाजारात न्यावीच लागते आणि घरात कोणी आजारी पडले तर वाट वाळेपर्यंत थांबता येत नाही. अशा दिवसांत घरोघरी चर्चा निघते, की नवा ट्रॅक्टर किंवा पिकअप घ्यायचा तो टू-व्हील घ्यावा की फोर-व्हील? विक्रेता म्हणतो, "फोर-व्हील घ्या, चिखलाची कटकट संपली." शेजारी म्हणतो, "आमची हयात टू-व्हीलवर गेली." दोघांचेही थोडे थोडे खरे आहे. मॉडेलप्रमाणे किमतीत लाख-दोन लाखांचा फरक पडतो आणि तो बहुधा कर्जातून येतो. म्हणून सही करण्यापूर्वी घरातल्या सर्वांनी बसून हा हिशेब समजून घ्यावा.

जोर इंजिनात, पकड वजनात

चढाला किंवा चिखलात गाडी अडली की पूर्वी पुढे आणखी एक बैलजोडी जुंपत. फोर-व्हीलचे तत्त्व तेच आहे. टू-व्हीलमध्ये इंजिनाचा जोर फक्त मागच्या दोन चाकांना मिळतो, पुढची चाके नुसती ढकलली जातात. फोर-व्हीलमध्ये चारही चाके ओढतात.

मात्र चाक ओढते ते त्याच्यावर असलेल्या वजनाच्या प्रमाणात. समजा, रिकामा पिकअप 1700 किलोचा आहे. इंजिन पुढे असल्याने मागच्या चाकांवर 700 किलोच पडतात. निसरड्या चिखलात वजनाच्या चौथ्या हिश्श्याएवढी पकड मिळाली, तर टू-व्हीलची ओढ 175 किलो आणि फोर-व्हीलची 425 किलो झाली. वाट पार करायला 250 किलो ओढ लागत असेल, तर पहिली गाडी जागेवर चाक फिरवील आणि दुसरी निघून जाईल. इंजिन दोघांचे सारखेच!

म्हणूनच अमेरिका-कॅनडातले शेतकरी बर्फाच्या दिवसांत टू-व्हील पिकअपच्या हौद्यात, मागच्या आसावर, वाळूची पोती टाकतात. आपल्याकडेही वरवरच्या निसरड्यात ही युक्ती चालते. पण खोल चिखलात तेच ओझे चाकाला खाली दाबते, हे विसरू नये.

ट्रॅक्टरची गोष्ट थोडी निराळी. तिथे वजनाचा मोठा वाटा मुळातच मागच्या मोठ्या चाकांवर असतो. त्यामुळे कोरड्या रानात नांगरणी, पेरणी, मळणी ही कामे टू-व्हील ट्रॅक्टर उत्तम करतो. मागच्या टायरमध्ये पाणी भरले किंवा चाकांना वजने लावली की ओढ आणखी वाढते. भाताच्या चिखलणीला लोखंडी पिंजऱ्याची चाके लावून अनेकजण टू-व्हीलवरच काम भागवतात.

फोर-व्हील कोणाला हवाच?

द्राक्षबागाईतदारांचे उदाहरण घ्या. ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस झाला, तर केवड्याची फवारणी लांबवता येत नाही. रान ओले असतानाच ब्लोअर घेऊन ओळीत शिरावे लागते. दोन दिवस थांबलो तर वर्षाचे पीक हातचे जाते. तिथे लहान फोर-व्हील ट्रॅक्टरचे जादा पैसे एका हंगामातही वसूल होऊ शकतात. भारी काळ्या रानातून ऊस बाहेर काढणारे, डोंगरउताराला शेती असणारे आणि बारमाही ओल्या वाटेवर वस्ती असणारे, यांनीही फोर-व्हीलचा विचार अवश्य करावा.

ज्यांचे रान हलके किंवा मुरमाड आहे, वाट पक्की आहे आणि वर्षातून चार-सहा दिवसच अडचण येते, त्यांनी तो पैसा चांगले टायर, वाटेवर मुरूम आणि बाजूला चर यांवर घालावा. त्याचा उपयोग गाडीला होईल, शाळेत जाणाऱ्या मुलांनाही होईल.

फोर-व्हीलने काय होत नाही?

पहिले, गाडी लवकर थांबत नाही. पिकअप कोणताही असो, ब्रेक चारही चाकांना असतातच. फोर-व्हील निसरड्यातून निघताना उपयोगी पडतो, थांबताना नाही. वेग दोघांनीही सारखाच कमी ठेवावा.

दुसरे, फोर-व्हीलने वाफसा येत नाही. ट्रॅक्टर रानात शिरला म्हणजे रान तयार झाले असे नव्हे. ओल्या काळ्या मातीवर जड चाके फिरली की खाली घट्ट थर बसतो, पाणी मुरत नाही, मुळे अडतात. टू-व्हील रुततो म्हणून तरी माणूस थांबतो. फोर-व्हीलवाल्याने मात्र स्वतः होऊन थांबायला शिकावे.

तिसरे, कोरड्या डांबरी रस्त्यावर फोर-व्हीलचा दांडा सोडून ठेवावा. ट्रॅक्टरमध्ये आणि बहुतेक पिकअपमध्ये जोडलेला राहिला तर टायर झिजतात आणि गिअरवर ताण येतो.

गाडी रुतली तर

एक चाक फिरते आणि दुसरे थांबलेले असते, याचे कारण डिफरन्शियल. ज्या चाकाला अडथळा कमी, तेच फिरत राहते. डिफरन्शियल लॉक असेल तर तो लावावा, दोन्ही चाके बरोबर फिरतील. पण गाडी सरळ असतानाच; वळताना कधीही नाही.

जास्त रेस केल्याने चाक खड्डा खणते. थांबा, ट्रॉली सोडा, चाकापुढची माती काढा, पाचट, पऱ्हाट्या किंवा गोणपाट खाली घाला आणि आलेल्या चाकोरीतूनच हळू मागे या.

आता सर्वांत महत्त्वाचे. रुतलेल्या ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांना लाकडी ओंडका बांधून पुढे काढण्याची रीत काही ठिकाणी आहे. ती जिवावर बेतते. चाक अडकले आणि इंजिनाचा जोर चालूच राहिला, की चाकाऐवजी ट्रॅक्टरच आसाभोवती फिरतो, पुढचा भाग उचलला जातो आणि दीड-दोन सेकंदांत तो चालकावर उलटतो. उडी मारायलाही अवसर मिळत नाही. साखळी ड्रॉबारपेक्षा उंच, आसाला किंवा सीटजवळ बांधून ओढले तरी हाच धोका आहे. दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढताना साखळी खालच्या ड्रॉबारलाच लावा आणि बायका-मुलांना साखळीच्या लांबीहून दूर उभे करा. तुटलेली साखळी माणूस बघत नाही. फोर-व्हील ट्रॅक्टरही या नियमाला अपवाद नाही.

घेण्यापूर्वी

मध्य प्रदेशातील बुदनी येथील केंद्रीय संस्थेत ट्रॅक्टरची चाचणी होते. तिच्या अहवालात ओढशक्ती आणि पुढच्या-मागच्या चाकांवरचे वजन दिलेले असते. विक्रेत्याकडे तो मागून पाहावा. जमल्यास ट्रॅक्टर आपल्याच रानात, आपल्याच अवजाराला जोडून चालवून बघावा.

मग घरात एक साधा हिशेब मांडा. गेल्या तीन पावसाळ्यांत गाडी किती दिवस अडली? त्या दिवसांत दूध, भाजी, फवारणी यांचे किती नुकसान झाले? हा आकडा जादा हप्त्यापेक्षा मोठा असेल, तर फोर-व्हील खुशाल घ्या. लहान असेल, तर टू-व्हील घेऊन वाट दुरुस्त करा. शेजाऱ्याने घेतला म्हणून मात्र घेऊ नका. त्याचे रान वेगळे आहे आणि तुमचा हप्ता तो भरणार नाही.