न आलेल्यांची यादी

२०१७-१८ मध्ये भारतात असंसर्गजन्य आजारांचे राष्ट्रीय सर्वेक्षण झाले. त्यात १८ ते ६९ वयोगटातल्या २८.५ टक्के लोकांचा रक्तदाब वाढलेला आढळला. हा आकडा पुष्कळदा छापून आला आहे, पण त्याच्या पोटातले आकडे फारसे कुणी वाचत नाही. रक्तदाब वाढलेल्या दर शंभर माणसांपैकी जेमतेम २८ जणांना तो वाढल्याचे माहीत होते, साधारण १५ जण उपचार घेत होते आणि १३ जणांचा रक्तदाब आटोक्यात होता. शेवटच्या दोन आकड्यांतले अंतर किती थोडे आहे ते पाहावे. गोळी नियमित पोटात गेली तर बहुतेकांना ती लागू पडते. गळती होते ती त्याआधीच. कुणाचा रक्तदाब कधी मोजलाच गेला नाही. कुणाचा मोजला गेला, त्याला सांगितलेही गेले, पण तो माणूस परत आला नाही. दोन्ही ठिकाणी कमी पडते ते गावाजवळच्या दवाखान्याचे रोजचे काम. वैद्यकीय ज्ञानाची कमतरता तिथे नाही. रक्तदाबाचा प्रश्न मोठ्या रुग्णालयात सुटणार नाही, तो प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि उपकेंद्रातच सुटेल, असे मी म्हणतो ते यामुळे.

आपली ओपीडी येणाऱ्या माणसासाठी उभी केलेली आहे. ताप आला, पोट दुखले, विंचू चावला की माणूस आपल्या पायाने येतो. बरा झाला की येत नाही, आणि त्याने येऊ नये हेच योग्य असते. रक्तदाबात हे गणित उलटे होते. तो वाढला तरी काही दुखत नाही, आणि गोळीने उतरला तरी काही बरे वाटत नाही. काही न होताही त्याची किंमत मात्र जबर असते. दहा लाख माणसांच्या माहितीवर आधारलेल्या आणि २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या विश्लेषणात असे दिसले की, चाळीस ते सत्तरीच्या दरम्यान वरचा रक्तदाब दर २० अंकांनी चढला की पक्षाघाताने किंवा हृदयविकाराने मरण्याचा धोका दुप्पट किंवा त्याहून अधिक होतो. मग न दुखणाऱ्या आजाराचा माणूस दर महिन्याला कसा आणायचा? याचे उत्तर आपल्याच आरोग्यसेविकांकडे आहे. कोणत्या वस्तीतल्या कोणत्या बाळाचा गोवराचा डोस राहिला, कोणती गरोदर बाई तपासणीला आली नाही, हे त्यांना नावानिशी ठाऊक असते. त्यासाठी रजिस्टर असते, आशाताईंचा फेरा असतो. रक्तदाबाच्या रुग्णाला असे नावाने ओळखणारे रजिस्टर आपण फार उशिरा उघडले.

असे रजिस्टर काय करू शकते याचा जुना आणि ठसठशीत पुरावा अमेरिकेतल्या उत्तर कॅलिफोर्नियातला आहे. कैसर परमनंटे या संस्थेने तिथे २००० नंतर आपल्या सर्व रक्तदाबाच्या रुग्णांची एकच यादी केली आणि सर्व डॉक्टरांसाठी औषधांचा एकच क्रम ठरवला. दोन औषधे एका गोळीत देणे सुरू केले, आणि रक्तदाब मोजायला डॉक्टरांची भेट लागणार नाही, सहायकाकडून फुकट मोजून मिळेल अशी सोय केली. २००१ मध्ये ४४ टक्के रुग्णांचा रक्तदाब आटोक्यात होता, २००९ मध्ये तो ८० टक्क्यांचा झाला. श्रीमंत देश, विम्याचे रुग्ण, संगणक हाताशी, तिथे जमले म्हणून इथे कसे जमेल, असे कुणी म्हणेल. त्याने चीनच्या ३२६ गावांत सुमारे ३४ हजार लोकांवर झालेला प्रयोग पाहावा. निम्म्या गावांत गावपातळीवरच्या, थोडे प्रशिक्षण मिळालेल्या आरोग्य कार्यकर्त्यांनी ठरलेल्या क्रमाने औषधे सुरू केली आणि वाढवली, वरच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली. दीड वर्षाने त्या गावांत ५७ टक्के लोकांचा रक्तदाब १३० बाय ८० च्या खाली होता, उरलेल्या गावांत फक्त २० टक्क्यांचा. तीन वर्षांच्या अखेरीस हृदयविकार व पक्षाघातासारख्या घटना तिसऱ्या हिश्शाने कमी झाल्या होत्या. एवढा फरक केवळ नव्या औषधाने पडत नाही.

भारतात हीच वाट ‘इंडिया हायपरटेन्शन कंट्रोल इनिशिएटिव्ह’ या उपक्रमाने धरली. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद (आयसीएमआर), केंद्र व राज्य सरकारे आणि जागतिक आरोग्य संघटना यांनी मिळून तो पाच राज्यांतल्या निवडक जिल्ह्यांत सुरू केला. महाराष्ट्रातून भंडारा, सातारा, सिंधुदुर्ग आणि वर्धा हे जिल्हे त्यात होते. रक्तदाब डिजिटल यंत्रावर मोजायचा, कारण हाताने मोजलेल्या नोंदीत शेवटचा आकडा शून्य येण्याची खोड जगभर दिसते, आणि १४४ चा १४० होऊन गेला तर रुग्णाची गोळी तशीच राहण्याची शक्यता असते. अॅम्लोडिपिन, टेल्मिसार्टन, क्लोरथॅलिडोन अशी मोजकी औषधे, राज्याने ठरवलेल्या क्रमाने. प्रत्येक रुग्णाचे स्वतंत्र कार्ड. मला यातली सर्वांत मोलाची वाटते ती मोजणीची पद्धत. दर तिमाहीला नोंदलेल्या रुग्णांचे तीन गट पाडायचे: रक्तदाब आटोक्यात असलेले, नसलेले आणि न आलेले. टक्केवारी काढताना न आलेले गाळायचे नाहीत. दवाखान्याला स्वतःची फसवणूक करता येत नाही ती या एका नियमामुळे. आलेल्यांपुरताच हिशेब केला तर प्रत्येक केंद्र उत्तम दिसेल, आणि जी बाई डोंगराच्या पलीकडून तिमाहीभर आली नाही ती कागदावरून नाहीशी होईल. त्या तिसऱ्या गटाची यादी हातात आली की आशाताईंना कुणाच्या दारी जायचे ते कळते, आणि गोळ्या उपकेंद्रावर ठेवल्या की त्या बाईला डोंगर ओलांडावा लागत नाही. उपक्रमाच्या आकडेवारीतही घराजवळच्या लहान केंद्रांत रक्तदाब आटोक्यात असलेल्यांचे प्रमाण मोठ्या रुग्णालयांपेक्षा जास्त दिसले आहे.

डॉक्टरांचा यावर एक आक्षेप असतो आणि तो प्रामाणिक आहे: प्रत्येक रुग्ण वेगळा, सगळ्यांना एकाच क्रमाने औषध देणे हे वैद्यक नव्हे. काही रुग्ण खरोखर वेगळे असतात. गरोदर स्त्री, मूत्रपिंडाचा आजार, तरुण वयात अचानक चढलेला रक्तदाब, तीन औषधांनीही न उतरणारा रक्तदाब, यांना वरच्या डॉक्टरांकडे पाठवलेच पाहिजे, आणि क्रम ठरवणाऱ्या कागदावर ते लिहिलेलेही असते. पण बहुसंख्य रुग्ण तसे नसतात. त्यांचे नुकसान होते ते वेगळ्याच गोष्टीने. वाचन १५२ येते, डॉक्टर ‘पुढच्या वेळी बघू’ म्हणतात, आणि तीच अर्धवट मात्रा वर्षभर चालू राहते. ठरलेला क्रम ही दिरंगाई तोडतो. एकाच औषधाची मात्रा दुप्पट करण्यापेक्षा दुसऱ्या प्रकारचे औषध जोडले तर रक्तदाब सुमारे पाचपट अधिक उतरतो, असे अनेक चाचण्यांच्या एकत्रित अभ्यासातून २००९ मध्ये पुढे आले. ही गोष्ट क्रमातच लिहिलेली असली, तर तालुक्यातल्या नव्या वैद्यकीय अधिकाऱ्याला ती वेगळी आठवावी लागत नाही. शिवाय त्याचा जो वेळ वाचतो, तो त्या खऱ्याखुऱ्या अवघड रुग्णांना मिळतो.

दुसरा आक्षेप घराघरांतला आहे. बीपीची गोळी एकदा लागली की जन्माची, त्यापेक्षा मीठ कमी करू, चालू, योगासने करू. मीठ कमी केल्याने रक्तदाब उतरतो हे निर्विवाद आहे, आणि माझा त्याला पूर्ण पाठिंबा आहे. चीनमध्येच ६०० गावांत साध्या मिठाऐवजी थोडे पोटॅशियम असलेले मीठ दिले तेव्हा पक्षाघात १४ टक्क्यांनी घटले. (मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी असे मीठ डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.) पण ज्याचा रक्तदाब १६० आहे, त्याने पापड-लोणचे सोडले म्हणून गोळी टाळता येईलच असे नाही. बऱ्याचदा ‘आधी पथ्य करून पाहू’ याचा अर्थ पुढची पाच वर्षे काहीच न करणे एवढाच होतो. गोळी कायमची लागते, कारण रक्तवाहिन्यांवरचा ताण कायमचा असतो. चष्मा कायमचा लागतो याची कुणी धास्ती घेत नाही.

या उपक्रमांची खरी मर्यादा वेगळीच आहे आणि ती मान्य करावी लागते. यादी नोंदलेल्यांचीच असते. सर्वेक्षणातल्या शंभरातल्या ज्या बहात्तरांना काही माहीतच नव्हते, ते कोणत्याही तिमाही अहवालात न आलेले म्हणून मोजले जात नाहीत. त्यांत मजुरीवर जाणारे, कारखान्याच्या पाळीत अडकलेले, ट्रक चालवणारे पुरुष पुष्कळ असतात, आणि सकाळच्या ओपीडीची वेळ त्यांच्या कामाच्याच वेळेत येते. जे खासगी दवाखान्यात मोजून घेतात, त्यांचा आकडा सरकारी रजिस्टरात येत नाही. म्हणून तिशी ओलांडलेला कुणीही, कोणत्याही कारणाने केंद्रात आला, अगदी नातवाला लस द्यायला आला, तरी त्याच्या दंडाला पट्टा बांधला जायला हवा. आठवड्याच्या बाजाराच्या दिवशी यंत्र बाजारात जायला हवे, साखर कारखान्याच्या हंगामात ते ऊसतोड्यांच्या फडापर्यंत पोचायला हवे. आणि तिथे नोंदलेल्या माणसाला महिनाभराच्या गोळ्या त्याच्या गावच्या उपकेंद्रात मिळायला हव्यात. साठा संपला म्हणून ‘पुढच्या आठवड्यात या’ असे ज्याला सांगितले जाते, तो एका दिवसाची मजुरी बुडवून पुन्हा येत नाही. तिमाहीअखेर त्याचे नाव न आलेल्यांत लागते, आणि चूक मात्र औषधांच्या कपाटाची असते.