काचेतला समुद्र आणि पाण्याची परीक्षा

तापीकाठचे सुरत अरबी समुद्रापासून फार दूर नाही. डुमसचा किनारा तर शहराच्या अगदी जवळ. तरीही घरी खाऱ्या पाण्याचे मत्स्यालय थाटणाऱ्या सुरतकराला त्या समुद्राचा थेट उपयोग नाही. नर्मदा, तापी, मही आणि साबरमती या नद्यांनी आणलेला गाळ खंबायतच्या आखातातील प्रचंड भरती-ओहोटी सतत ढवळत राहते, त्यामुळे किनाऱ्याचे पाणी मातकट असते. सुरत महानगरपालिकेने २०१४ मध्ये पाल भागात सुरू केलेल्या जगदीशचंद्र बोस मत्स्यालयात काचेपलीकडचे सागरी मासे पाहून अनेकांना वाटते की हे घरीही जमेल. जमते, परंतु त्यासाठी समुद्र आपण तयार करावा लागतो आणि तो बिघडत नाही ना, हे तपासत राहावे लागते.

पहिला घोळ पाण्याच्या शुद्धतेबाबत होतो. नळाच्या पाण्यात क्लोरीन असते, म्हणून आरओचे पाणी वापरावे हे सर्वांना ठाऊक असते. मात्र स्वयंपाकघरातील अनेक आरओ यंत्रे चवीसाठी पाण्यात क्षार परत मिसळतात. पिण्यास ते उत्तम. मत्स्यालयात त्या क्षारांचा हिशेब लागत नाही. टीडीएस मीटर शून्याच्या आसपास आकडा दाखवेल, असे पाणी घ्यावे. त्यात दर लीटरला ३५ ते ४० ग्रॅम सागरी मीठ, म्हणजे मत्स्यालयासाठी बनवलेले मिश्रण, विरघळवून लहान पंपाने एक दिवस फिरवावे. जेवणातील मीठ चालत नाही. समुद्रात मॅग्नेशियम, कॅल्शियम, बायकार्बोनेट असे पुष्कळ काही असते. मासे असलेल्या टाकीत कोरडे मीठ कधीही टाकू नये.

त्यानंतरचे सहा आठवडे संयमाचे. माशांच्या मलमूत्रातून आणि उरलेल्या खाद्यातून अमोनिया तयार होतो. काही जिवाणू त्याचे नायट्राइट करतात, दुसरे नायट्राइटचे नायट्रेट करतात. हे जिवाणू दगड, वाळू आणि गाळणीत स्थिरावण्यापूर्वी मासे सोडले तर ते मरतात, आणि पाणी मात्र आरशासारखे स्वच्छ दिसते. मालक बिचारा दुकानदाराला दोष देतो. समुद्राचे पाणी अल्कधर्मी असल्याने धोका वाढतो: पीएच ७ असताना अमोनियाचा जो भाग विषारी रूपात असतो, त्याच्या दहापटीहून अधिक भाग पीएच ८.२ ला विषारी होतो. म्हणून गोड्या पाण्यात पचणारी मात्रा खाऱ्या पाण्यात जीव घेते. नायट्राइटचे तसे नाही. समुद्रातील क्लोराइडमुळे माशांना त्याची बाधा तुलनेने कमी होते. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर आले की जिवाणूंनी काम हाती घेतले असे समजावे आणि पहिला मासा आणावा, एकच.

तपासणीचे किट खाऱ्या पाण्यासाठी आहे ना, हे खरेदीच्या वेळीच पाहावे. नायट्रेटच्या काही द्रव किटांत एका बाटलीच्या तळाशी पूड बसते. ती जोराने हलवली नाही तर आकडा फसवा, म्हणजे कमी येतो. मुदत संपलेले रसायनही असेच खोटे समाधान देते. क्षारता मोजणारे रिफ्रॅक्टोमीटर ३५ भाग प्रति हजार क्षारतेच्या प्रमाणित द्रावणाने अधूनमधून जुळवून घ्यावे.

सुरतचा उन्हाळा पाणी आटवतो, मीठ मात्र जागीच राहते. १०० लीटर पाण्यातले १० लीटर आटले की ३५ ची क्षारता सुमारे ३९ वर जाते. म्हणून रोजची घट भरायची ती बिनमिठाच्या आरओ पाण्याने. नवशिके नेमके येथेच खारे पाणी ओततात. तापमान २५ ते २७ अंशांच्या आसपास ठेवावे, कारण गरम पाण्यात प्राणवायू कमी मावतो. वातानुकूलित बंद खोलीचा त्रास वेगळाच: माणसांच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड साठून पीएच उतरतो. तेव्हा औषध ओतण्याआधी खिडकी उघडून पाहावी. पहाटे पीएच सर्वांत कमी आणि सायंकाळी जास्त असतो, म्हणून तो रोज एकाच वेळी मोजावा.

नायट्रेट कमी करण्याचा हमखास मार्ग पाणी बदलण्याचा, पण त्याचे गणित रोखठोक आहे. ४० चा आकडा पाचवा भाग पाणी बदलून ३२ वरच येतो. खाद्य निम्म्यावर आणणे बहुधा अधिक गुणकारी ठरते.

गोमंतकीयांना समुद्र हाताशी असल्याने डबा भरून आणण्याचा मोह होणारच. पण पावसाळ्यात मांडवी आणि जुवारीच्या मुखाशी गोडे पाणी इतके मिसळते की क्षारता झपाट्याने घटते. शिवाय जेटीजवळ तेलाचा तवंग असतो. नदीमुखे आणि जेटी टाळून, कोरड्या दिवसांत, किनाऱ्यापासून आत घेतलेले पाणीही गाळून, अंधारात ठेवून, तपासल्यावरच वापरावे.

सजावटीबाबतही सावध राहावे. प्रवाळ, समुद्रपंखा आणि समुद्रघोडे यांना वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे. किनाऱ्यावर सापडलेला मृत प्रवाळ घरी नेणेही गुन्हा ठरू शकते. सच्छिद्र सिरॅमिकचे दगड कायदेशीर आहेत आणि जिवाणूंनाही त्यांत भरपूर जागा मिळते.