प्रत आहे, पण परत येईल का?

शाळेच्या ग्रंथालयात तीन वह्या आहेत असे समजा. पहिलीत विद्यार्थ्यांची नावे व त्यांचे क्रमांक, दुसरीत पुस्तकांची नावे व दाखल क्रमांक आणि तिसरीत रोजची देवघेव. तिसऱ्या वहीत पूर्ण नावे लिहावी लागत नाहीत. 'विद्यार्थी ४१२, पुस्तक २०७५' एवढी नोंद पुरते. हा ४१२ कोण ते पहिली वही सांगते आणि २०७५ हे पुस्तक कोणते ते दुसरी.

माहितीचे असे तक्ते करून ते क्रमांकांनी एकमेकांशी जोडावेत, ही कल्पना आयबीएम कंपनीतील ब्रिटिश संशोधक एडगर कॉड यांनी १९७० साली मांडली. अशा साठ्याला 'रिलेशनल डेटाबेस' म्हणतात. आज बँका, रुग्णालये, विद्यापीठे यांच्या नोंदी बहुधा याच पद्धतीने ठेवलेल्या असतात. ज्या संगणकावर हा साठा असतो आणि जो मागेल त्याला माहिती पुरवतो, तो सर्व्हर.

सर्व्हरची डिस्क बिघडू शकते, माणसाच्या हातून चूक होऊ शकते. म्हणून साठ्याची प्रत दुसरीकडे ठेवतात. हा झाला बॅकअप. वेळ आली की त्या प्रतीवरून दुसऱ्या सर्व्हरवर साठा पुन्हा उभा करायचा. हे झाले रिस्टोअर. तुम्ही म्हणाल, यात अवघड ते काय? फाइल उचलली आणि दुसरीकडे ठेवली! पण ते इतके सोपे नाही.

पहिली अडचण वेळेची. समजा, अकरा वाजता आपण विद्यार्थ्यांच्या वहीची नक्कल केली आणि अकरा वाजून दहा मिनिटांनी देवघेवीच्या वहीची. मधल्या दहा मिनिटांत एक नवा विद्यार्थी दाखल झाला व पुस्तक घेऊन गेला. आता नकलेत पुस्तक नेल्याची नोंद आहे, पण नेणाऱ्याचे नाव कोठेच नाही! म्हणून सर्व तक्त्यांची प्रत एकाच क्षणाची असली पाहिजे. त्यासाठी ग्रंथालय बंद ठेवावे लागत नाही. पोस्टग्रेस्क्यूएलसारख्या डेटाबेसमध्ये एखादी ओळ बदलली, तरी तिचे जुने रूप काही काळ राखून ठेवले जाते. त्यामुळे प्रत घेणाऱ्याला अकरा वाजताचेच चित्र दिसत राहते आणि इतरांचे कामही चालू राहते.

प्रत घेण्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. एकीत डिस्कवरील फाइली जशाच्या तशा उचलतात. हे काम झटपट होते, पण दुसऱ्या सर्व्हरवर त्याच जातीची व त्याच आवृत्तीची प्रणाली लागते. दुसरीला 'डंप' म्हणतात. तिच्यात साठ्याऐवजी साठा पुन्हा बांधण्याच्या सूचना लिहून घेतात : 'या नावाचा तक्ता कर, त्यात हे रकाने ठेव, या ओळी भर'. असा डंप नव्या आवृत्तीच्या सर्व्हरवरही सहसा चालतो, पण वेळ अधिक लागतो. कारण ओळी भरून झाल्यावर शोधसूची नव्याने तयार कराव्या लागतात आणि तक्त्यांतील नाती जुळतात की नाही हेही तपासावे लागते. लिपीची खूणगाठही दोन्हीकडे एकच हवी. ती चुकली, तर मराठी नावांच्या जागी प्रश्नचिन्हे उमटतात!

काही जण म्हणतात, आमच्याकडे दुसरा सर्व्हर आहे आणि पहिल्यावर होणारा प्रत्येक बदल त्याच्यावर लगेच उतरतो, मग बॅकअप कशाला? डिस्क बिघडली तर हा जोडीदार उपयोगी पडेल हे खरे. पण पहिल्यावर कोणी चुकून तक्ता पुसला, तर तो पुसण्याचा हुकूमही जोडीदार इमानाने पाळतो. आरशातील प्रतिबिंब म्हणजे जुना फोटो नव्हे!

या साऱ्याची कसोटी ३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या कंपनीत लागली. जगभरातील प्रोग्रामर आपले काम तिच्या संकेतस्थळावर ठेवतात. तिचा डेटाबेस पोस्टग्रेस्क्यूएलचा होता, एक मुख्य सर्व्हर व एक जोडीदार. त्या रात्री जोडीदार मागे पडला. त्याच्यावरील साठा पुसून नव्याने नक्कल करावी, असे एका अभियंत्याने ठरवले. पण पुसण्याचा हुकूम गेला मुख्य सर्व्हरवर! एकदोन सेकंदांत चूक ध्यानात आली, त्याने हुकूम थांबवला. तोवर सुमारे ३०० गिगाबाइटपैकी जेमतेम साडेचार गिगाबाइट उरले होते.

मग बॅकअपची शोधाशोध सुरू झाली. रोजचे डंप जेथे ठेवले जात, ती जागा रिकामी निघाली. कारण काय? सर्व्हर होता ९.६ आवृत्तीचा आणि डंप घेणारे साधन चालत होते ९.२ चे. जुने साधन नव्या सर्व्हरचा डंप घेत नाही, ते चूक दाखवून थांबते. तशी सूचना ईमेलने जायची, पण ते ईमेल वाटेतच नाकारले जात होते. सारे सुरळीत चालले आहे, असेच सर्वांना वाटत होते.

अखेर एक प्रत सापडली. साधारण सहा तासांपूर्वी त्याच अभियंत्याने चाचणीच्या सर्व्हरसाठी ती हाताने घेतली होती. तिच्यावरून मुख्य सर्व्हर पुन्हा उभा करायला सुमारे १८ तास लागले, कारण चाचणीच्या सर्व्हरची डिस्क संथ होती. प्रोग्रामरांनी लिहिलेले मूळ प्रोग्राम वेगळ्या ठिकाणी असल्याने वाचले. पण मधल्या सहा तासांतील सुमारे ५,००० प्रकल्पांच्या, ५,००० टिप्पण्यांच्या आणि ७०० नव्या खात्यांच्या नोंदी कायमच्या गेल्या. कंपनीने ही सारी हकिगत स्वतःच जाहीर केली, म्हणूनच आज आपल्याला ती अभ्यासता येते.

यात चुकीचा हुकूम ही निम्मीच गोष्ट. अशी चूक कोणाच्याही हातून होईल. पण डंप रोज निघतो आहे का, त्यातून साठा खरोखर उभा राहतो का, हे कोणी करून पाहिले नव्हते. भौतिकशास्त्रात प्रयोगाने पडताळल्यावाचून आपण विधान मान्य करत नाही. 'आमच्याकडे बॅकअप आहे' हेही एक विधानच आहे आणि रिस्टोअर हा त्याचा प्रयोग. तो अधूनमधून, वेगळ्या सर्व्हरवर, घड्याळ लावून करायचा असतो. मग ओळींची संख्या ताडून पाहायची आणि तक्त्यांतील नाती जुळतात का तेही पाहायचे.

तुम्हालाही हा प्रयोग करता येईल. एसक्यूलाइट हा छोटा डेटाबेस मोफत मिळतो. त्यात वर्गातील पुस्तकांचे तीन तक्ते करा, मराठी नावे भरा आणि 'डंप' आज्ञेने सूचनांची फाइल तयार करा. ती पेनड्राइव्हवरून दुसऱ्या संगणकावर नेऊन तेथे साठा उभा करा. आता ४१२ क्रमांकाच्या विद्यार्थ्याने कोणते पुस्तक नेले आहे, ते दोन्ही संगणकांना विचारा. दोघांचे उत्तर एकच आले, तरच तुमच्याकडे बॅकअप आहे असे म्हणा.