दोन लाइनी घेतल्या, म्हणजे वेग दुप्पट?

नांदगाव पेठच्या एमआयडीसीत माल भरलेला ट्रक गेटवर ताटकळतो तो पुष्कळदा एका कागदासाठी. ५० हजारांवरचा माल परराज्यात जायचा तर ई-वे बिल हवं, आणि ऑफिसातून उत्तर येतं, "नेट गेलं न भाऊ." मग मालक दुसऱ्या कंपनीचीही लाइन घेतात, दोन्ही एका राउटरला जोडतात आणि १०० अधिक १०० म्हणजे २०० एमबीपीएस असा हिशेब मांडतात.

एका डाउनलोडपुरता हा हिशेब चुकतो. लोड बॅलन्सिंग करणारा राउटर साधारणपणे प्रत्येक सेशन, म्हणजे एकेक जोडणी, कुठल्यातरी एकाच लाइनीवर टाकतो. एका सेशनमधून येणारी फाइल १०० च्याच वेगाने उतरणार, म्हणजे सेकंदाला फार तर साडेबारा मेगाबाइट. फायदा दिसतो तो दहा जण एकदम कामाला बसल्यावर : बिलिंग एका लाइनीवर, कॅमेऱ्यांचं फुटेज दुसरीवर. एकच सेशन दोन्ही वाटांनी न्यायचं तर पलीकडच्या सर्व्हरलाही ते कळावं लागतं. त्यासाठीचं मल्टिपाथ टीसीपी २०१३ मध्ये आलं, ॲपलने त्याच वर्षी सिरीत वापरलं. ऑफिसातला राउटर एकट्याने ते करू शकत नाही. लाइनी ३०० आणि १०० च्या असतील तर सेशनचं निम्मं-निम्मं वाटप हा वेडेपणाच, प्रमाण ३:१ ठेवा.

बँकेची साइट मधेच लॉगआउट करते, तेव्हा शिव्या बँकेला पडतात. प्रत्येक लाइनीचा आयपी पत्ता वेगळा असतो. तो मधेच बदलला की साइटला संशय येतो. बँकेचं काम राउटरमध्ये एकाच लाइनीला बांधून टाकावं. लाइन बदलताना चालू व्हिडिओ कॉल अडखळतो, तेही याच कारणाने.

"मोडेमवर हिरवा दिवा आहे, म्हणजे नेट आहे" हा समज सगळ्यात महागात पडतो. फायबर तुटली तर मोडेमवर एलओएसचा, म्हणजे सिग्नल गेल्याचा, लाल दिवा लागतो, पण बिघाड कंपनीच्या पुढच्या यंत्रणेत असला तर दिवे हिरवेच राहतात आणि राउटर मेलेल्या लाइनीवर काम ढकलत बसतो. म्हणून त्याला फक्त मोडेम नव्हे, ८.८.८.८ सारखा बाहेरचा पत्ता तपासायला लावा.

आणि दोन कंपन्या म्हणजे दोन वाटा, असंही नाही. दोघांची फायबर एकाच खांबावरून किंवा एकाच चरातून आलेली असली, तर जेसीबीचा एक फावडा दोन्ही लाइनी नेतो. पैसे भरण्याआधी केबल कुठून येते ते विचारा, दोन्ही मोडेम आणि राउटर इन्व्हर्टरवर घ्या, आणि कामाची घाई नसताना एक लाइन स्वतः उपटून बघा.