एकाच ठोकळ्यातून ड्रॉवरवाली डबी: बँडसॉ बॉक्स कसा बनतो?

एरवी मी ॲप्स, सेन्सर आणि सेटिंग्जबद्दल लिहिते. आजचा विषय जरा वेगळा आहे, लाकूड. पण यात फोनमधला एक सेन्सर कामाला आला आणि माझ्याकडून एक चूक झाली, जी कोडिंग करणाऱ्यांना लगेच ओळखीची वाटेल.

झालं असं की, आजीला नुकतंच कानाचं मशीन घेतलं. मशीन बोटाच्या पेराएवढं, आणि ती ते काढून कुठेही ठेवते. मग सगळं घर शोधत बसतं. तिचं सांगलीचं जुनं घर पाडलं तेव्हा दाराच्या सागवानी चौकटीचा फूटभर तुकडा मी आठवण म्हणून आणला होता. त्यातूनच तिला डबी करून द्यायची ठरवली. तुकडा एकच होता. वाया गेला असता तर तसा दुसरा कुठून आणणार?

बँडसॉ बॉक्स म्हणजे काय?

नेहमीची डबी फळ्या कापून, जोडून बनते. त्यासाठी कोपरे काटकोनात बसवावे लागतात आणि नवशिक्याचं तिथेच चुकतं. बँडसॉ बॉक्समध्ये लाकडाचा एक ठोकळा घेतात, त्यातून ड्रॉवरच्या आकाराचा तुकडा कापून काढतात, तो आतून पोकळ करतात आणि परत त्याच जागी सरकवतात.

थ्रीडी प्रिंटर थरावर थर चढवून वस्तू बनवतो. इथे उलट आहे, नको तेवढं काढून टाकायचं. ॲपलने २००८ मध्ये आणलेली मॅकबुकची युनिबॉडी अशीच ॲल्युमिनियमच्या एका ठोकळ्यातून कोरलेली होती. फरक एवढाच की तिथे काढलेल्या धातूचा चुरा होतो, इथे काढलेला तुकडाच ड्रॉवर बनतो. त्यामुळे लाकडाच्या रेषा डबीवरून ड्रॉवरवर सलग जातात.

मशीन कसं चालतं?

बँडसॉमध्ये वर एक आणि खाली एक अशी दोन चाकं असतात. त्यांवरून दात असलेला पोलादी पट्टा सायकलच्या चेनसारखा सतत फिरतो. ही कल्पना जुनी आहे. विल्यम न्यूबेरी यांना १८०९ मध्ये तिचं ब्रिटिश पेटंट मिळालं, पण चाकांवर वाकून वाकून पट्टा जोडापाशी तुटायचा. तो पक्का जोडायची पद्धत फ्रान्सच्या ॲन पोलिन क्रेपँ यांनी शोधली आणि १८४६ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला. म्हणजे मशीन अडलं होतं ते एका जोडासाठी!

पट्टा अरुंद असल्याने वळणं घेता येतात, पण त्यालाही मर्यादा आहे. ६ मिमी रुंदीचं ब्लेड साधारण १६ मिमी त्रिज्येपर्यंत वळतं, ३ मिमीचं ब्लेड ५ मिमीपर्यंत. त्याहून लहान वळण घ्यायला गेलात तर ब्लेड पिळवटतं. मी ६ मिमीचं वापरलं, म्हणून ड्रॉवरचे कोपरे चांगले गोल ठेवले.

आधी खिळे शोधा

जुन्या लाकडात तुटलेले खिळे राहिलेले असतात. फिरतं ब्लेड खिळ्यावर आदळलं तर दात जातात, कधी ब्लेडच तुटतं. इथे फोन कामी आला. कंपास चालावा म्हणून बहुतेक फोनमध्ये मॅग्नेटोमीटर असतो. पृथ्वीचं चुंबकीय क्षेत्र साधारण २५ ते ६५ मायक्रोटेस्ला असतं आणि लोखंड जवळ आलं की आकडा बदलतो. 'मेटल डिटेक्टर' नावाची ॲप्स हाच आकडा दाखवतात.

फोनचं कव्हर काढा (त्यात चुंबक असू शकतो), फोन लाकडावरून हळूहळू सरकवा आणि आकडा उडी मारेल तिथे पेन्सिलने खूण करा. मला असे तीन खिळे सापडले. दोन पकडीने निघाले, तिसरा होता तो भाग सोडून दिला. लक्षात ठेवा, पितळ आणि तांबं या सेन्सरला दिसत नाही आणि खूप आत गेलेला खिळाही सुटू शकतो.

माझी चूक

पुण्यातल्या एका सामायिक वर्कशॉपमध्ये तासावर मशीन मिळतं आणि शिकवायला एक सुतारकाका असतात. मी १५० × १०० मिमीचा, ७५ मिमी जाडीचा ठोकळा कापून घेतला. त्यावर डबीचा आकार काढला आणि बाहेरची कड कापली. तळ सपाट ठेवला, कारण पुढे ठोकळा त्यावरच उभा करायचा असतो. गोल बाजूवर उभा केला तर ब्लेड तो गर्रकन फिरवतं आणि सोबत हातही जातो.

इथपर्यंत सगळं छान. मग उत्साहाच्या भरात मी थेट ड्रॉवर कापायला घेतला. तळातून ब्लेड आत नेलं, गोल फिरवलं, तुकडा बाहेर काढला. काकांनी उचलून आरपार बघितलं आणि म्हणाले, "अगं, पाठ कुठाय याची?"

डबीला मागची भिंत लागते. ती ड्रॉवर कापण्याच्या आधी ठोकळ्यातूनच चकतीसारखी कापून बाजूला ठेवायची आणि शेवटी परत चिकटवायची असते. मी आधी ड्रॉवर कापला, त्यामुळे आता मागून चकती कापली तरी तिलाही भलंमोठं भोक असणार होतं. कोडमध्ये दोन ओळींचा क्रम चुकला तर मी कंट्रोल-झेड दाबते. इथे मात्र ब्लेडने १ मिमी लाकडाचा भुसा केला होता आणि तो जमिनीवर पडला होता.

मी रडकुंडीला आले होते. काका म्हणाले, "उरलेला तुकडा आण." त्यातून आम्ही ८ मिमीची चकती काढली आणि तीच पाठ म्हणून चिकटवली. डबी थोडी खोल झाली, एवढंच. पण त्या चकतीवर बिजागरीच्या स्क्रूची दोन भोकं होती. ती मी तशीच राहू दिली.

बरोबर क्रम

१. ठोकळ्यावर आकार काढा, बाहेरची कड कापा. तळ सपाट ठेवा.
२. मागून ६ ते ८ मिमीची पाठ कापून बाजूला ठेवा.
३. तळातून ब्लेड आत नेऊन ड्रॉवरचा तुकडा कापा. परत येताना मशीन बंद करून ब्लेड थांबू द्या. चालू ब्लेड मागे ओढलं तर चाकावरून निसटतं.
४. तळाच्या चिरेत गोंद भरून क्लॅम्प लावा, रात्रभर ठेवा.
५. ड्रॉवरच्या पुढून आणि मागून एकेक चकती कापा. उरलेल्या मधल्या भागातून यू आकाराचा तुकडा काढा आणि चकत्या परत चिकटवा.
६. आतून पॉलिश पेपर मारून झाल्यावरच डबीची पाठ चिकटवा. नंतर आत हात नीट पोचत नाही.

दोन चकत्या कापताना ड्रॉवर साधारण २ मिमी आखूड होतो. घाबरू नका, तो तितकाच आत बसतो.

सुरक्षितता

ओढणी, सैल बाह्या, हातमोजे काहीही नको. केस बांधा, मास्क आणि चष्मा लावा. ब्लेडवरचं गार्ड लाकडाच्या जेमतेम ५-६ मिमी वर आणा. ब्लेडच्या सरळ रेषेत बोट कधीच ठेवू नका. आणि पहिल्यांदा करताना शेजारी जाणकार माणूस हवाच. माझ्यासारखा एकच तुकडा असेल तर आधी भंगारातल्या पाइनवर सगळा क्रम एकदा करून बघा. मी तेवढं केलं असतं तर ही चूक पाइनवर झाली असती.

डबी आजीच्या हातात दिली तेव्हा तिने ड्रॉवर उघडलाच नाही. आधी उलटी केली, पाठीवरच्या भोकांवर बोट फिरवलं आणि म्हणाली, "ही माजघराच्या दाराची ना गं?" मला ते माहीतच नव्हतं. आता कानाचं मशीन रोज रात्री त्या ड्रॉवरमध्ये जातं. चष्मा मात्र अजून शोधावा लागतो.